कोरांटीच्या कलमांचे वाटप : येत्या रविवारी

सभासद बंधू-भगिनींनो,
पिवळ्या कोरांटीच्या छाटफांद्या रविवारी सकाळी ८ ते १० या वेळेत गच्चीवरच्या रोपवाटिकेत मिळतील. प्रत्येक घरी ३ फांद्या. जाड हातमोजे आणि ओले गोणपाट आणावे. पानांच्या बगलेतले काटे सुईसारखे टोचतात.

लावताना :
• वीतभर, निबर पण न वाळलेली फांदी घ्या. पेराच्या जरा खाली तिरका काप द्या, खालची पाने काढा आणि किमान २ पेरी मातीत जाऊ द्या.
• रोपाच्या पिशवीत २ भाग माती, १ भाग जाड वाळू, मूठभर शेणखत भरा. खत जास्त घातले की नुसता पाला माजतो, फुले कमी येतात.
• पिशवी महिनाभर सावलीत ठेवा. पहिल्या आठवड्यात फांदी ओढून बघायचा मोह आवरा, नवी मुळे तुटतात.

पाऊस स्थिरावला की उन्हाच्या जागी, उतारावर लावा. कोरांटी दुष्काळात तगते. मरते ती बहुधा बुडाशी पाणी साचून मूळ कुजल्याने. पहिल्या उन्हाळ्यात मात्र ८-१० दिवसांनी एकदा पाणी हवेच.

बहर संपला की एक तृतीयांश छाटणी करा, फुले नव्या फुटीवर येतात. मुले खेळतात त्या वाटेला कोरांटी लावू नये.

ज्यांना फांद्या हव्यात त्यांनी शुक्रवारपर्यंत नाव नोंदवावे.