तुमच्या टॅपवाल्या कव्हरमध्ये फेराइटची शीटच नाही, मला पूर्ण रिफंड हवाय

नमस्कार,

गेल्या महिन्यात तुमच्या साइटवरून मी मोबाईलचं टॅपवालं कव्हर मागवलं, १,२९९ रुपयांचं. मागे मेट्रोचं किंवा बँकेचं कार्ड ठेवायला कप्पा, आत ‘अँटेना बूस्टर लेयर’, सगळ्या फोनला चालतं, कार्ड बाहेर काढायची गरज नाही, असं सगळं तुमच्या पानावर ठळक लिहिलेलं आहे. ते चालत नाही, कारण आत फेराइट, म्हणजे फोनच्या धातूपासून कार्डाला वाचवणाऱ्या चुंबकीय पदार्थाची शीट, नाहीच. आत्तापर्यंत चार वेळा चॅटवर सांगितलं, दोनदा फोन केला, दर वेळी नवीन माणूस, नवीन तक्रार नंबर आणि परत पहिल्यापासून सांगा. म्हणून आता सगळं एकदाच लिहून पाठवतेय. कृपा करून पूर्ण वाचा आणि तुमच्याकडे कॉइलमधलं कळणारं कोणी असेल तर त्यांनाही वाचायला द्या.

कव्हर माझ्यासाठी नव्हतं, अण्णांसाठी होतं. माझे वडील ७३ वर्षांचे आहेत, पार्किन्सनमुळे हात थरथरतात. दर गुरुवारी त्यांना फिजिओथेरपीला मंडईजवळ जावं लागतं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत मेट्रो सुरू झाली तेव्हापासून ते पिंपरीहून एकटे जातात, मला रजा काढू देत नाहीत. एकटं जाता येतं हेच त्यांना मोठं वाटतं. आता क्यूआर तिकीट काढायचं तर ॲप उघडा, स्टेशन निवडा, पैसे भरा, मग तो थरथरणारा स्क्रीन स्कॅनरसमोर स्थिर धरा, ते त्यांना जमत नाही. कार्ड घेतलं तर पाकिटातून ते काढतानाच बोटं घसरतात. फोन मात्र गळ्यात दोरीला असतो, तो दोन्ही हातांनी धरून कुठेही टेकवता येतो. म्हणून तुमची जाहिरात बघितल्यावर मला वाटलं, हे आपल्या अण्णांसाठीच केलंय कोणीतरी. खरंच तसं वाटलं होतं.

पहिल्या गुरुवारी पिंपरीला आत जाताना तीन-चार वेळा फोन वाकडातिकडा करून टेकवल्यावर गेट उघडलं. मंडईला बाहेर पडताना उघडलंच नाही. टेकवतायत, लाल, परत टेकवतायत, परत लाल, मागे लाईन लागलेली, कोणीतरी ‘काका बाजूला व्हा’ म्हणालं. अण्णा घाबरले की हात जास्त थरथरतो, ते कप्प्यातून कार्ड काढायला लागले तर तुमचा कप्पा इतका घट्ट की कार्ड निघेना, आणि निघालं ते एकदम उडून खाली पडलं. शेवटी तिथल्या ड्युटीवरच्या ताईंनी उचलून टेकवलं आणि गेट लगेच उघडलं. म्हणजे कार्ड चांगलं होतं, गेटही चांगलं होतं. घरी आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी तू चल बरोबर." दीड वर्षात हे ते पहिल्यांदा म्हणाले.

तुमच्या चॅटवर मला पहिलं उत्तर आलं की कार्डची बॅटरी कमी असेल, कार्ड बदलून बघा. अहो, या कार्डात बॅटरी नसतेच! गेटवरचा रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडतो, कार्डाच्या कडेने फिरवलेल्या तारेच्या चार-पाच वेढ्यांत त्यातून वीज तयार होते, त्या विजेवर चिप जागी होते आणि त्याच तारेतून रीडरला उत्तर देते. सगळा खेळ काही सेंटिमीटरच्या आतला. दुसरं उत्तर आलं की फोनचं एनएफसी, म्हणजे टेकवून पैसे द्यायची सोय, बंद करा. ते बंद करून बघितलं, काही फरक नाही. तिसरं उत्तर, ‘सर, कव्हर स्वच्छ पुसून घ्या’. मी सर नाही, आणि पुसून काही होणारही नव्हतं.

मी भोसरीत एका युनिटमध्ये अकरा वर्षं कॉइल वाइंडिंगला आहे, आता चार वर्षं टेस्टिंग बघते. कॉइलजवळ धातूचा पत्रा आणला की काय होतं हे आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीलाही पहिल्या आठवड्यात कळतं. म्हणून मी स्वतःच क्रमाने बघितलं. नुसतं कार्ड गेटवर, चाललं. कार्ड तुमच्या कव्हरमध्ये पण फोन काढून, चाललं. कार्ड कव्हरमध्ये आणि फोनही आत, नाही चाललं. पिंपरी स्टेशनला एका रविवारी सकाळी गर्दी नसताना तिथल्या माणसाला विचारून हे केलंय, दोन-दोनदा केलंय. यात कार्ड तेच, कव्हर तेच, फक्त मागे फोन आला की बंद.

कारण फोनच्या पाठीत काच दिसत असली तरी काचेखाली जवळजवळ सगळी बॅटरी असते आणि बॅटरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पाकिटात गुंडाळलेला तांबं-ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा गठ्ठा. रीडरचं क्षेत्र त्याच्यावर पडलं की त्यात एडी करंट, म्हणजे विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह, फिरायला लागतात आणि ते उलट क्षेत्र तयार करून मूळ क्षेत्र मारतात. शिवाय कार्डाच्या कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्र साठवायची क्षमता, पडतो. चिपमधला वीज साठवणारा कपॅसिटर तर ठरलेला असतो, मग दोघांची मिळून जी फ्रिक्वेन्सी १३.५६ जवळ बसवलेली असते ती वर सरकते, कार्ड ट्यूनमधून बाहेर जातं. एकीकडे वीज कमी मिळते, दुसरीकडे सूर जुळत नाही, मग चिप उठणार कशी? कधीतरी फोन तिरका धरला की कार्डाची एक कड बॅटरीच्या बाहेर येते आणि तेवढ्यापुरतं गेट उघडतं, पहिल्या दिवशी पिंपरीला तेच झालं.

हे मी नुसतं बोलत नाही. बारीक एनॅमल तारेचे चार वेढे कार्डाच्या मापाच्या पुठ्ठ्यावर घेतले आणि युनिटमधल्या इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर लावले. मोकळ्यावर तीन-साडेतीन मायक्रोहेन्री दाखवलं. ते तसंच अण्णांच्या फोनच्या पाठीवर ठेवलं तर आकडा अर्ध्याच्याही खाली गेला. मध्ये ०.३ मिलिमीटरची फेराइट शीट सरकवली, १३.५६ वर चालणारी, आमच्या कोअरवाल्या सप्लायरकडून मागवलेली, तर आकडा परत जवळजवळ मूळ जागेवर आला. एवढ्या पातळ शीटचं काम एवढंच असतं, क्षेत्राला धातूपर्यंत जाऊच द्यायचं नाही, आडव्या वाटेने आपल्यातूनच वळवून परत पाठवायचं. बँका फोनच्या मागे चिकटवायचं स्टिकर कार्ड देतात ना, त्यातसुद्धा हाच थर असतो, म्हणून ते फोनवर चिकटवूनही चालतं.

मग मला प्रश्न पडला की तुमच्या ‘बूस्टर लेयर’मध्ये काय आहे. ब्लेडने कप्प्याच्या आतलं कापड सोडवलं. आत एक काळी चकचकीत शीट निघाली, दिसायला अगदी फेराइटसारखी, दुहेरी टेपने चिकटवलेली. लहान पण जोरदार मॅग्नेट तिच्याजवळ नेला, काही ओढ नाही. खऱ्या फेराइट शीटला तोच मॅग्नेट लगेच चिकटला. वजनाला हलकी, वाकवली तर प्लास्टिकसारखी परत सरळ होते, कात्रीने कापली तर कडेला काळी पूड नाही, नुसती गुळगुळीत कड. मीटरच्या कॉइलखाली ठेवली तर आकडा हललाच नाही. म्हणजे फोटोत दिसावा म्हणून काळ्या प्लास्टिकचा तुकडा घातलाय. व्हिडिओ काढून ठेवलाय, सोबत जोडते.

याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय. चुकून शीट घालायची राहिली असती तर मी समजून घेतलं असतं, लाईनवर काम करणाऱ्याची चूक होते, आमच्याकडेही होते, बॅच परत येते आणि आम्ही बदलून देतो. पण ही चूक नाही, फेराइटच्या जागी फेराइटसारखं दिसणारं काहीतरी ठेवलंय आणि त्याला बूस्टर म्हटलंय. कोणीतरी ठरवून केलंय हे.

कव्हरमध्ये अँटेना बसवणं काही अवघड गोष्ट नाहीये, उगाच तसं सांगू नका. नोकियाने ३२२० या फोनसाठी एनएफसीवालं कव्हर २००४ मध्येच जाहीर केलं होतं आणि जर्मनीत फ्रँकफर्टजवळ हनाऊ गावात २००५ मध्ये लोक त्याने बसचं तिकीट काढत होते. जपानमध्ये तर २००४ पासून फेलिका ही टेकवून पैसे द्यायची चिप फोनच्या आतच बसवून लोक पैसे देतात. पुढे मागचा पत्रा पूर्ण धातूचा असलेले फोन आले तेव्हा कंपन्यांना अँटेना वरच्या कडेला नाहीतर कॅमेऱ्याच्या खिडकीजवळ न्यावा लागला, मागे फेराइट लावावा लागला. वीस वर्षं झाली, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे ही.

अजून एक, तुम्ही पानावर फोनचं एनएफसी पेमेंट आणि कप्प्यातलं कार्ड दोन्ही एकत्र वापरा असं दाखवलंय. अण्णांच्या फोनचा एनएफसी अँटेना वर कॅमेऱ्याजवळ आहे आणि तुमचा कप्पा तिथपर्यंत जातो, म्हणून एनएफसी चालू असलं आणि स्क्रीन उघडला की फोन स्वतःच ते कार्ड वाचायला जातो, सारखा आवाज, सारखी नोटिफिकेशन. किराणा दुकानात मशीनवर टेकवलं तर एकदा ‘एकच कार्ड लावा’ असं आलं, कारण मशीनला दोन-दोन कार्डं दिसतायत. आणि ५,००० रुपयांपर्यंत बँकेचं कार्ड पिन न टाकता चालतं, तेव्हा पैसे नक्की कशातून गेले हे म्हाताऱ्या माणसाने कसं ओळखायचं? वायरलेस चार्जरवर ठेवताना कार्ड काढा हेही कुठे लिहिलेलं नाही. तो चार्जर वेगळ्याच कमी फ्रिक्वेन्सीवर चालतो पण ताकद खूप जास्त, मध्ये कार्ड राहिलं तर ते गरम होतं, चिप कायमची जाऊ शकते. अण्णांचा फोन वायरलेसवर चार्ज होत नाही म्हणून आम्ही वाचलो, बाकीच्यांचं काय.

आता तुमचं म्हणणं की मी कव्हर ‘उघडलं’ म्हणून रिटर्न होणार नाही. पहिली तक्रार मी उघडायच्या नऊ दिवस आधी केलीय, चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसकट आहेत. तेव्हाच परत घेतलं असतं तर मला ब्लेड हातात घ्यायची वेळच आली नसती. आणि उघडलं नसतं तर आत काय आहे हे तुम्ही मला सांगणार होतात का?

मागच्या गुरुवारी मी त्या प्लास्टिकच्या जागी माझी शीट कार्डाच्या मापाने कापून बसवली, कप्प्याची शिवण थोडी सैल केली आणि अण्णांबरोबर गेले. पिंपरीला पहिल्याच टेकवण्यात गेट उघडलं. मंडईला दुसऱ्यांदा उघडलं. परत येताना दोन्हीकडे पहिल्याच टेकवण्यात. लांबून नाही वाचत, फोन रीडरवर नीट टेकवावा लागतो, पण अण्णांना तेवढं जमतं. तुमच्याच कव्हरमध्ये, त्याच फोनवर, तेच कार्ड. त्या तुकड्याचा खर्च तुमच्या १,२९९ पुढे काहीच नव्हता. एवढ्यासाठी तुम्ही माणसाला गेटवर उभं केलंत.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. पूर्ण १,२९९ रुपये परत, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात, कूपन नको, वॉलेट पॉइंट नकोत. पानावरून ‘सगळ्या फोनला चालतं’ आणि ‘बूस्टर लेयर’ हे शब्द काढा, किंवा खरी फेराइट शीट घाला आणि ती किती जाडीची आहे आणि कुठल्या फोनवर तपासलीय ते लिहा. एनएफसी आणि वायरलेस चार्जरबद्दलची सूचना डब्यावर मराठीत आणि हिंदीत छापा. आणि हेच कव्हर ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांना मेसेज करून सांगा, कारण मला खात्री आहे त्यातले कितीतरी जण आपलं कार्डच खराब आहे असं समजून बँकेच्या फेऱ्या मारत असतील.

पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवणार आणि तिथे नाही झालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही हे मला माहितीये, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दाही त्यातच टाकेन.

तुमचा काळा तुकडा, बिल आणि डबा एका पिशवीत घालून ठेवलाय. न्यायला माणूस पाठवायचा तर संध्याकाळी सहानंतर पाठवा, त्याआधी मी कामावर असते. गुरुवारी मात्र नको, गुरुवारी अण्णांना ते कव्हर लागतं, रिफंड जमा झाला की कव्हरसुद्धा देईन, माझी शीट काढून.

तुमची ग्राहक
पिंपरी