टक्के कशाचे, तेही छापा

संपादक महोदय,

पावसाळा लागला की धरणसाठ्याचे तक्ते रोज छापून येतात. त्यात ‘उजनी ३० टक्के’ एवढेच असते. कशाच्या ३० टक्के, हे नसल्याने वाचक हमखास फसतो.

हिशेब शाळेतलाच. आहे तो आकडा वर, ज्याच्या तुलनेत मोजायचे तो खाली, आणि भागाकाराला शंभराने गुणायचे. घोळ बहुतेक वेळा खालच्या आकड्यात होतो. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७.२३ टीएमसी (अब्ज घनफूट), पैकी मृतसाठा, म्हणजे तळाचे सहसा न वापरायचे पाणी, ६३.६६ आणि त्यावरचा वापरायचा म्हणजे उपयुक्त साठा ५३.५७. धरणात ८० टीएमसी पाणी असेल तर आधी मृतसाठा वजा करायचा. उरतात १६.३४, त्याला ५३.५७ ने भागले की ३०.५ टक्के. तेच ८० एकूण क्षमतेने भागले तर ६८ टक्के! पाणी तेवढेच. आणि मृतसाठा वजा करायचाच राहिला, म्हणजे वर ८० नि खाली ५३.५७ ठेवले, तर उत्तर १४९ टक्के येते.

‘उणे’ टक्क्यांचेही तेच. उजनीत एकूण ५० टीएमसी असले की साठा उणे २५.५ टक्के होतो. वाचणाऱ्याला धरण कोरडे पडल्यासारखे वाटते. पण त्यात तेव्हाही ५० टीएमसी पाणी असते; पुण्याची चारही धरणे काठोकाठ भरली तरी त्यांचा उपयुक्त साठा २९.१५ टीएमसीच. अर्थात मृतसाठ्यातले पाणी उपयुक्त साठ्यासारखे सहज वापरता येत नाही. म्हणजे उणे आकडा खोटा नाही, अपुरा आहे.

पुण्याच्या या चार धरणांची ‘सरासरी टक्केवारी’ हा तर वेगळाच प्रकार. खडकवासला १.९७ टीएमसीचे, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. खडकवासला १०० टक्के आणि बाकी तिन्ही २० टक्के असतील तर चार आकड्यांची सरासरी येते ४०. प्रत्यक्षात साठा ७.४१ टीएमसी, म्हणजे २५.४ टक्के. टक्क्यांची बेरीज करून चाराने भागायचे नसते. टीएमसींची बेरीज करून २९.१५ ने भागायचे.

गेल्या वर्षी ४० टक्के आणि यंदा ३० असताना ‘साठा दहा टक्क्यांनी घटला’ हा मथळाही चुकीचा. साठा पावपटीने, म्हणजे २५ टक्क्यांनी घटलेला असतो. सरळ ‘४० वरून ३० टक्क्यांवर’ लिहावे.

तक्त्यात एकूण साठा आणि उपयुक्त साठा असे टीएमसीचे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती. जागा फारशी लागणार नाही.

– एक वाचक, सोलापूर