घामातून लिथियमची टेस्ट

संपादक, स.न.
माझा धाकटा भाऊ 11 वर्षं लिथियमवर, म्हणजे मानसिक आजारावरच्या एका औषधावर आहे, दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून गप्प होतो, शिरा सापडत नाहीत त्याच्या, दोन्ही हातांवर काळेनिळे डाग. पण टेस्ट चुकवून चालत नाही, रक्तातली लिथियमची लेव्हल कमी झाली तर आजार उलटतो आणि वाढली की हात थरथरतात. 2022 मधे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी सेन्सरवर नुसतं बोट टेकवून घामातलं लिथियम अर्ध्या मिनिटात मोजून दाखवलं, सुई नाही काही नाही! आपल्याकडच्या मे महिन्याच्या घामात ते आकडे रक्ताशी किती जुळतात हे इथल्या मेडिकल कॉलेजांनी आत्ताच तपासायला घ्यावं, ही कळकळीची विनंती.
- एक बहीण, नागपूर