आई-बाबा, मी अजून तीन वर्षं धारणीलाच

धारणी (मेळघाट, जि. अमरावती),
शनिवार, रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

नाशिकच्या हॉस्पिटलमधली डॉक्टरची जागा मी नाकारली. बुधवारीच त्यांना कळवलं आणि इथल्या तीन वर्षांच्या करारावर सही केली. दादाला सांगितलंय, पण तुम्हाला ते त्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, बाबांनी ‘तुझं तू बघ’ म्हणून फोन तिच्याकडे दिला असता, आणि मला जे सांगायचंय ते राहूनच गेलं असतं.

मार्चमधल्या त्या रात्रीनंतर हा निर्णय घेणं सोपं नव्हतं. बाबा, तुमच्या छातीत दुखत होतं आणि मी परतवाड्याच्या घाटात बसमध्ये होते, हे मी विसरलेले नाही. घरापासून दहा मिनिटांवरची नोकरी मिळत असताना ती सोडली, याचा अर्थ तुम्ही कमी महत्त्वाचे असा कृपा करून लावू नका.

आई, तू विचारलंस, “एवढं शिकलीस ती बाळांचे दंड मोजायला का? आणि ते तर आशाताई करतात, मग तू कशाला?” तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. आता देते.

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाला आम्ही रंगीत पट्टी लावतो. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. दोन्ही पायांवर अंगठा दाबून धरतो, खळगा राहिला तर सूज, तेही तीव्र कुपोषणच. अशा मुलाचं शरीर सगळ्याच गोष्टींत काटकसर करायला लागलेलं असतं. न्यूमोनिया झाला तरी बरेचदा ताप चढत नाही, मूल फक्त गप्प पडून राहतं. घरच्यांना वाटतं, शांत आहे. म्हणून साध्या जुलाबानं किंवा खोकल्यानं ही मुलं हातातून जातात.

त्यांच्यासाठी पोषण पुनर्वसन केंद्र आहे. तिथे 14 दिवस राहायचं, आईलाही जेवण मिळतं, बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळतात. आजारी मुलासाठी ते हवंच. पण घरी दोन मुलं ठेवून, सोयाबीन कापणीला आलेलं असताना बाई 14 दिवस राहणार कशी? चौथ्या दिवशी ती निघून जाते. बाबा, तुम्ही म्हणालात, “आई असून अशी कशी नेते?” दादाच्या काविळीच्या वेळी आई दवाखान्यात राहू शकली, कारण मी अक्काआजीकडे होते. इथली अक्काआजीही शेतावरच असते हो.

मग उपचारच घरी न्यायचे. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. 2007 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून सांगितलं की अशा दर चार मुलांमधली साधारण तीन घरीच बरी होऊ शकतात. भूक शाबूत हवी आणि दुसरा गंभीर आजार नको, एवढीच अट. भूक आहे का, ते आमच्यासमोर खायला देऊन बघतो. कोंबायचं नाही, मुलानं आपणहून खाल्लं पाहिजे. खाल्लं तर घरी. नाही खाल्लं, अंग गार पडलंय, श्वास जोरात चाललाय, तर त्याच दिवशी गाडी बोलावून दवाखान्यात.

घरी जे देतो ते शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-क्षार घालून केलेलं घट्ट वाटण. त्यात पाणी नसतं, म्हणून लवकर खराब होत नाही, शिजवावंही लागत नाही. तयार पाकीट 92 ग्रॅमचं येतं, त्यात 500 कॅलरी. सोबत सुरुवातीचे काही दिवस अमॉक्सिसिलिन. अशा पाकिटांवर आपल्याकडे वाद आहे, घरच्या अन्नाची सवय मोडेल म्हणतात. ती भीती खोटी नाही. पण एवढ्याशा पोटात पातळ पेज गेली की पोट पाण्यानंच भरतं, अंगाला काही लागत नाही. ते काही आठवडे हे औषधच समजायचं. पुढे घरातलीच भाकरी, डाळ, अंडं, वर तेल, आणि अंगावरचं दूध तर सुरूच.

हे सांगायला सोपं, घडवून आणायला फार अवघड. मुलाच्या वाटचं मोठी भावंडं खातात. सासू म्हणते, सगळ्यांना सारखं दे. तिचं चुकतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तिथे मी बोलून उपयोग नसतो. मी बाहेरची, माझी कोरकू, म्हणजे इथल्या आदिवासींची भाषा, अजून मोडकी. आमच्या एका ढाण्यावरची, म्हणजे पाड्यावरची, बाई आठवी शिकलेली आहे. ती जाते, चुलीपाशी बसते, मूल खाऊन होईपर्यंत उठत नाही. सासूशी आधी पावसापाण्याचं बोलते, मग हळूच मुद्द्यावर येते. पोटावर तापलेल्या सळईचे डाग द्यायला निघालेल्या भूमकालाही, म्हणजे गावच्या वैदूलाही, तिनं थांबवलंय, त्याचा अपमान न करता. दर आठवड्याला वजन करते, घड्याळ लावून श्वास मोजते. वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला पन्नास झाले, वर्षावरच्याचे चाळीस, की मला फोन. रेंज नसेल तर टेकडीवर चढून फोन.

बाबा, अशा बायकांवर विश्वास ठेवायला मला तुम्हीच शिकवलंत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यावरचं ते कात्रण तुम्ही माझ्या ॲनॉटॉमीच्या वहीत ठेवलं होतं. गडचिरोलीत गावच्याच बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. 2011 पासून देशभरातल्या आशाताईंकडे ते काम आलं. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “बघ, आठवी शिकलेली बाई काय करू शकते.” मग आता त्याच बाईच्या मागे उभं राहायला गेले तर रागावू नका.

आई, “मग तू कशाला?” याचं उत्तर हेच आहे. वजन दोन आठवडे हललं नाही, तर मूल खात नाहीये की टीबी आहे, हे तिनं एकटीनं कसं ठरवायचं? रात्री फोन केला तर उचलणारं कुणीतरी हवं. इथे वरचेवर नवा डॉक्टर येतो, ओळख होईपर्यंत बदलून जातो. दर वेळी या बायकांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. 1993 पासून मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या येतायत. थोडं थांबणारं माणूस हवं, म्हणून तीन वर्षं.

आणि मी जंगलात एकटी नाही. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे बैरागडला, डॉ. आशिष आणि कविता सातव उतावलीला, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं इथे काढली. माझी खोली पक्की आहे, छप्पर गळत नाही. गॅस आहे, पाण्याला फिल्टर आहे, मच्छरदाणी रोज लावते. दोन वेळा जेवते. तू दिलेलं मेतकूट अजून आहे, भातावर तूपही घेते. संध्याकाळनंतर गाडीशिवाय बाहेर पडत नाही. वाघ मला अजून दिसलेला नाही आणि दिसला तर तुम्हाला सांगणार नाही.

मला टायफॉइड झाला होता तेव्हा बाबा दुपारी ऑफिसातून घरी यायचे. एक चमचा पेज गिळली की कॅलेंडरवर एक टिंब काढायला द्यायचे. त्या महिन्याच्या पानावर तारखा दिसत नव्हत्या, इतकी टिंबं. मी आता इथल्या आयांना घास भरवायला शिकवते, तेव्हा तो तुमचा पांढरा बुशशर्ट डोळ्यांपुढे येतो. बाबा, मला तुमची फार आठवण येते.

आता ऐका. बाबांनी रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, ‘आज बरं वाटतंय’ हे कारण चालणार नाही. पापड-लोणचं बंद म्हणजे बंद. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, दिवाळीचे डबेसुद्धा नाही, मी आल्यावर काढीन. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला दादानं माणूस सांगितलाय, त्याला ‘पुढच्या महिन्यात ये’ म्हणून परत पाठवू नकोस. स्वयंपाकाला बाई ठेवा. तुझ्या हाताची चव तिला नसेल, पण तुझे गुडघे राहतील. शेजारच्या काकूंकडे एक किल्ली द्या आणि रात्री आतून कडी लावू नका.

दिवाळीला नक्की येते. भाऊबीज झाली की लगेच निघेन, तेव्हा थांब म्हणू नका. त्यानंतर इथली कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. ती जायच्या आधी लाल पट्टीतल्या प्रत्येक मुलाचं वजन आणि पुढची सोय बघायची असते.

आई, तू या पत्रावर दोन दिवस बोलणार नाहीस, मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी मात्र फोन कर.

तुमची,
चिमी

ता.क. बाबांचा हृदयाचा इको या महिन्यात आहे. रिपोर्ट आला की त्याच दिवशी फोटो काढून मला पाठवा. ‘नॉर्मल आहे’ एवढं सांगून भागणार नाही, सगळी पानं पाठवा.