पोत्यावर कोर्स, आत मैदा

प्रति,
सेल्स मॅनेजर साहेब

विषय: कॅल्शियम कार्बोनेट कोर्सच्या (जाड दाण्याच्या) पोत्यांत फाइन (बारीक) माल निघाला त्याबद्दल

नमस्कार साहेब,

मी मड इंजिनीयर, म्हणजे ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवतात तो द्रव, मड, सांभाळणारा. सध्या मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात जॅक-अप रिगवर (समुद्रतळावर पाय टेकून उभ्या रिगवर) आहे. न्हावाहून बोटीने तुमची १२० पोती आली, प्रत्येकी २५ किलो, सगळ्यांवर ठळक छापलंय कोर्स, डी-५० ६०० मायक्रॉन, म्हणजे निम्मा माल ६०० मायक्रॉनपेक्षा जाड. फोडली तर आत मैदा.

हे कळलं कधी तर नको त्या वेळी. इथे चुनखडक आहे, त्यात भेगा आणि पोकळ्या, त्यात फील्ड जुनं म्हणून प्रेशर उतरलेलं, मडचं वजन थोडं जास्त झालं की मड खडकात जातंच, त्याबद्दल तुम्हाला बोल नाही. साडेआठ इंची होलमध्ये तासाला ४० बॅरल जायला लागलं, म्हणजे सहा हजार लिटरच्या वर! ड्रिलिंग थांबवलं, ५० बॅरलची पिल (भेगा बुजवायला तुमचा माल घातलेला मडचा घोट) बनवली, बॅरलला ४० पौंड माल, तुमची ३६ पोती त्यात गेली. पिल खाली गेली आणि गेलीच, दोन तास थांबून पाहिलं तर लॉस तासाला ३८ बॅरल. भेगेच्या तोंडाशी अडकायला दाणा तर पाहिजे ना, पीठ टाकून काय होणार?

मग मड लॅबमध्ये २०० मेशच्या (सुमारे ७५ मायक्रॉन भोकांच्या) चाळणीवर तुमचा माल पाण्याखाली धुतला. कोर्स असेल तर जवळजवळ सगळा वर राहायला हवा, इथे मूठभर घेतला त्यातला चिमूटभर राहिला. तो चिमूटभर १५ टक्के ॲसिडमध्ये टाकला, फसफसला, आणि फसफस थांबल्यावर बीकरच्या तळाला करडी रेती तशीच. अहो पे झोनमध्ये (तेल देणाऱ्या थरात) आम्ही मायका नि अक्रोडाची टरफलं सोडून हा महागाचा माल घेतो तो एवढ्यासाठीच की नंतर ॲसिडने धुऊन निघावा. रेती कोण काढणार?

शेवटी मागच्या विहिरीची उरलेली १४ पोती होती, दुसऱ्या सप्लायरची, त्यात मीडियम मिसळून छोटी पिल मारली तेव्हा लॉस तासाला ६ वर आला. तोवर ॲन्युलसमध्ये (पाइप आणि होलच्या भिंतीमधल्या जागेत) सारखं पाणी भरत बसलो होतो, लेव्हल उतरून खालून गॅस आत आला असता तर हे पत्र मी लिहीत बसलो नसतो.

तुमचं टेस्ट सर्टिफिकेट पाहिलं, त्यावरचा बॅच नंबर पोत्यांवरच्या नंबरशी जुळतच नाही. फोनवर तुमचा माणूस म्हणतो बोटीत ओल लागली असेल. ओल लागली तर गुठळ्या होतात हो, दाणा बारीक होत नाही.

उरलेली ८४ पोती परत न्या, पुढच्या बोटीने खरा कोर्स पाठवा, त्याच बॅचच्या चाळणी रिपोर्टसकट, आणि वापरलेल्या ३६ ची क्रेडिट नोट द्या. रिग टाइमचा हिशोब आमचं ऑफिस वेगळा पाठवेल. न फोडलेल्या पोत्यातला एक किलो नमुना सील करून बोटीने पाठवलाय, तुमच्या समोर चाळू.

आपला,
मड इंजिनीयर, नाइट शिफ्ट