लिव्हर म्हणजे मोरी नव्हे

चि. सोनू हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली लिव्हर साफ करायची पावडर पोचली. डबा उघडला नाही. परत करता येत असेल तर कर, पैसे वाचतील. लिव्हर काही मोरी नाही माय, पावडर टाकून घासायला. माझ्या लिव्हरमध्ये चरबी निघाली हे ऐकून फोनवर तू रडायला लागलीस म्हणून नीट सांगायचं राहिलं, ते लिहिते.

उन्हाळ्यात गावात आशा म्हणून मी सीबॅकचे फॉर्म भरत होते, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका कोणाला किती ते बघायचे. 30 वर्षांवरच्या सगळ्यांचे भरायचे. त्यात कमरेचं माप असतं. बाईचं 80 सेंटिमीटरपर्यंत असलं तर शून्य गुण, त्यावर एक, 90 च्या पुढे दोन. टेप लागला की आपल्या बाया पोट आत ओढतात अन् श्वास कोंडून उभ्या राहतात. मी म्हणते, "सोड वो माय, फोटो नाही काढत." शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर माप घ्यायचं. परकराच्या नाडीवर नाही. शेजारच्या काकूंचं झालं तशा त्या म्हणाल्या, "आता तुमचं दाखवा, आशाताई." टेप त्यांनीच गुंडाळला. 88 निघालं.

मला खरंच वाटेना. उंची 152 सेंटिमीटर, वजन 53 किलो, कितीतरी वर्षांपासून तेवढंच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 च्या आत, म्हणजे ठीकच. पण पाळी गेल्यापासून ब्लाउजच्या बाह्या ढिल्या होत होत्या अन् नाडी मात्र आखूड पडत होती. धुऊन आटली असेल म्हणून मी ती दोनदा बदलली, बघ! गावभर कमरा मोजणारी बाई.

वर्ध्याला सोनोग्राफी केली, तर फॅटी लिव्हर, ग्रेड एक, म्हणजे सुरुवातीचंच. लिव्हरसाठी रक्तात बघतात ते एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे नुसत्या रक्तावर राहिले असते तर कळलंही नसतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेनमुळे चरबी मांड्या-कुल्ह्यांवर साठते. ते कमी झालं की चरबी पोटात, आतड्यांभोवती जमायला लागते, आणि तिथून लिव्हरला जायला तिला जवळचीच वाट. त्याच वयात हातापायांचं मांस झडतं. इकडे वाढलं, तिकडे घटलं, काटा जागचा हलत नाही.

लिव्हर म्हटल्याबरोबर तुझ्या आजीला दारूच आठवली. "दारूबंदीच्या जिल्ह्यात राहून सुनेचं लिव्हर कसं बिघडलं?" दोन दिवस तेच.

दारू नाही, पण चहा आहे ना. रोज आठ घरी जाते, अन् नाही म्हटलं की घरची बाई रुसते. कपाला दोन चमचे धरले तरी सोळा चमचे साखर. जास्तीच्या साखरेची चरबी लिव्हरच करतं. आता बिनसाखरेचा मागते, तर तीन घरी विचारून झालं, "ताई, शुगर निघाली का?"

औषध नाही दिलं. अडीच-तीन किलो उतरवा म्हणाल्या, आठवड्याला 150 मिनिटं झपझप चाला, अन् वरण-डाळ हात राखून वाढू नका. स्कूटी आल्यापासून पायांना कामच उरलं नव्हतं. आता पहाटे पांदणीने नाल्यापर्यंत जाऊन येते. भाजीत तेल कमी टाकते. तर्री नसली की तुझ्या बाबांना जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून त्यांची वाटी वेगळी. काल माप घेतलं, 86.

पोळ्याला येशील तेव्हा मावशीलाही घेऊन ये. तिची पाळी जाऊन दोन वर्षं झाली. परवाच फोनवर ऐटीत सांगत होती, "ताई, माझं तर एक किलोही वाढलं नाही."

तुझी,
आई