आंब्याच्या घाटातली पांढरी ओम्नी

प्रिय पक्या,

सात महिने तुला फोन नाही, मेसेजला नुसते अंगठे. त्याबद्दल काय शिव्या घालायच्या त्या घाल आणि मग पुढं वाच. फोनवर सांगायला बसलो असतो तर तू मधेच बोलला असतास आणि मीपण विषय बदलला असता, म्हणून टाईप करत बसलोय. इकडं सगळे बरे आहेत. आईची शुगर कंट्रोलमधे आहे, माझी पाठ अधूनमधून धरते, चिऊ सातवीत गेली. झालं.

गेल्या शनिवारी माईंच्या वर्षश्राद्धाला रत्नागिरीला गेलो होतो. जेवणं, मग काकांचं रडणं, निघायलाच उशीर झाला, साखरपा सोडलं तेव्हा साडेदहा वाजून गेले असतील. गाडीत आई, अश्विनी, चिऊ. चिऊला दुपारपासून कणकण होती, ती मागं आजीच्या मांडीवर. पाऊस भुरभुर आणि धुकं असं की पुढचं वळण वळणावर आल्यावर दिसायचं. घाटातलं गायमुख मागं टाकून थोडं वर आलो असेन, डाव्या कडेला पांढरी ओम्नी, तोंड घाटावर, पुढची दोन्ही दारं सताड उघडी, सीट उचललेली आणि आतून वाफ येतीय. एक माणूस मोबाईलची बॅटरी हलवत रस्त्यावर आला. कठड्यापाशी एक बाई डोक्यावर टॉवेल घेऊन उभी, कडेवर पोर.

आणि मी थांबलो नाही.

तुला मी हे का सांगतोय ते तुलाच कळेल. अश्विनी म्हणाली, अहो रात्रीची वेळ, आई बरोबर, पोरगी आजारी, बरोबरच केलंत. भाऊजींनी तर ग्रुपवर ते काचेवर अंडं मारून लुटतात ते व्हिडिओ परत टाकले. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. पण पक्या, माझी काच दोन बोटं खाली होती आणि शेजारनं जाताना मला वास आला. इंजिन गार ठेवणारं कूलंट उकळल्याचा, तो गुळचट गोड वास. एकदा नाकात बसला की विसरत नाही. म्हणजे त्या गाडीला काय झालंय ते मला चालत्या गाडीतून कळलं होतं, आणि माझ्या डिकीत दोन लिटरचा कूलंटचा कॅन होता, पाण्याच्या रबरी होजच्या तीन मापाच्या क्लिपा होत्या, फ्यूज होते, दहा-बारा-चौदाचे पाने होते. वर ओम्नी म्हणजे आपल्या मारुती 800 ची सख्खी बहीण, तेच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, फक्त सीटखाली घातलेलं. ज्या इंजिनाची नस न नस मला पाठ आहे तेच इंजिन तिथं उकळत पडलं होतं आणि मी दुसऱ्या गिअरमधे पुढं निघून आलो.

तुझ्या पप्पांची ती प्रीमियर पद्मिनी गाडी आठव. 96 चा मे, हाच घाट. फॅन बेल्ट साखरप्यापासून ओरडत होता आणि तू म्हणालास चिमण्या आहेत. आजही तू म्हणतोस की आधी मीच आवाज ओळखला होता, साफ खोटं आहे, चिमण्या म्हणालास, रात्री आठ वाजता चिमण्या! तो ट्रकवाला थांबला, त्यानं जुन्या ट्यूबची पट्टी कापून पुल्यांवर गाठ मारून चढवली, वर आणखी दोन पट्ट्या हातात दिल्या आणि तुला म्हणाला, "गाडी चालवतायसा आन् बॉनेट उघडाय येत न्हाय व्हय?" पैसे घेतले नाहीत, तुझ्या आईच्या डब्यातली चपाती-चटणी मात्र उभ्या उभ्या खाल्ली. मलकापूरपर्यंत ती पट्टी दोनदा तुटली. तू तो किस्सा लग्नांतून सांगत फिरलास आणि मी पुढच्या रविवारी उद्यमनगरात जाऊन पानासेट घेऊन आलो. तिथनं हे सगळं सुरू झालं ते आजतागायत.

अजून सगळं मीच करतो रे. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक शू, क्लच केबल. रविवारी सकाळी गाडी विटांवर चढवायची, ऑइल गरम असतानाच नट काढायचा, काळी धार पातळ होत थेंबावर येईपर्यंत बसून राहायचं. चिऊ प्लग बघायला शिकलीय. टोक कॉफीच्या रंगाचं असलं तर ठीक, काजळी धरली असली तर पेट्रोल जास्त जातंय. परवा प्लगच्या फटीत स्वतः गेज लावून मला म्हणाली, बाबा पॉईंट आठ आहे. आणि वर्षातनं चार-पाच वेळा तरी कुणीतरी रस्त्यात भेटतंच. मागच्या गणपतीत बांबवड्याच्या अलीकडं एक मास्तर, बॅटरी उतरलेली, जंपर केबल स्वतःजवळ होती पण काळा चिमटा थेट उतरलेल्या बॅटरीच्या मायनसला लावायला निघाले होते. मी हात धरला. शेवटचा चिमटा बॅटरीपासून लांब इंजिनच्या लोखंडाला लावायचा असतो, बॅटरीतनं हायड्रोजन सुटतो आणि ठिणगी तिथंच पडते. गाडी चालू झाली तर माणूस एवढा खूष की मला पेढ्यांचा अख्खा पुडा. ते हसू बघितलं की कसं वाटतं तुला माहितीय.

तर शनिवारी. घाटमाथ्यावर आंबा गावात पोचलो, चहाला थांबलो आणि मला तो कप संपवता येईना. अश्विनीला म्हणालो, तुम्ही तिघी हॉटेलात बसा, मी आलो. ती काही बोलली नाही, फक्त मोठी टॉर्च काढून दिली. उलटा घाट उतरलो. मधे पाऊण तास तरी गेला होता.

गाडी नव्हती.

जागा बरोबर होती, कारण दगड होते. मागच्या चाकांना लावलेले दोन, आणि वीस पावलं अलीकडं रस्त्यावर मांडलेले तीन, त्यांच्यात करवंदीची फांदी खोचलेली. पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या. डांबरावर हिरवट ओघळ, बोट लावलं तर बुळबुळीत. आणि कडेच्या चिखलात चाकं पुढं-मागं करून वळवल्याचे व्रण. नंबर अर्धाच दिसला होता, एमएच 08, म्हणजे रत्नागिरीकडचेच. मी उतरताना वर येणारी असली गाडी मला आडवी आली नाही, म्हणजे ते खाली परत गेले.

आता माझं डोकं इथंच अडकलंय. चांगलं धरायचं तर असं, की इंजिन निवलं, बाटल्यांतलं पाणी बसलं, चालू झाली, उतार होता, दुसऱ्या गिअरमधे हळूहळू उतरले. उतारावर इंजिनावर लोड नसतो, सहज जातं. पण तीन बाटल्या म्हणजे त्यानं तापलेल्यातच गार पाणी ओतलं असेल, आणि तसं ओतलं की इंजिनाचं हेड वाकू शकतं, तडकू शकतं, मग गाडी चालूच होत नाही. मग माणूस काय करतो? उतार आहेच की म्हणतो, न्यूट्रलला टाकतो आणि सोडतो. बंद गाडी घाटात सोडणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. इंजिनाचा ब्रेक नाही. ब्रेकला बूस्टर असला तर दोन-तीनदा दाबल्यावर त्यातला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. ब्रेक सारखा धरून ठेवला तर शू तापून धरायचे बंद होतात. आणि बंदच आहे म्हणून त्यानं चावी काढून घेतली असली तर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग लॉक. धुक्यात, कडेवर पोर असलेली बाई बरोबर.

घाट संपेपर्यंत खाली गेलो, प्रत्येक वळणाला टॉर्च मारत. कठडा कुठं तुटलेला दिसला नाही, काच दिसली नाही. परत येताना ते दगड उचलून गटाराच्या पलीकडं टाकले, फांदीपण. लोक निघून जातात आणि दगड तसेच ठेवतात, मग रात्रीचा बाईकवाला त्यावर जातो, आपल्या संज्याचा पाय त्यातच गेला. एवढं एक काम त्या रात्री माझ्या हातनं झालं. हायवेच्या 1033 हेल्पलाईनला फोन करायचं मला तेव्हा सुचलंच नाही, घाटात रेंज नव्हती हे खरं, पण आंब्यात होती की.

रविवारपासून पेपरची रत्नागिरी आवृत्ती फोनवर रोज उघडतो, आतलं पानसुद्धा. काही नाही. तरी रात्री डोळा लागला की ती बॅटरी हलवणारा हात दिसतो. त्याला वाटलं असणार, ही थांबणार, कारण मी वेग कमी केला होता. हेच जास्त लागतं बघ. पाय ब्रेकवर गेला होता, गाडी जवळजवळ थांबली होती, त्यानं हात खाली घेतला, एक पाऊल माझ्याकडं टाकलं. आणि मग मी ॲक्सिलेटर दिला.

तुझं काय चाललंय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? ओंकारला मेकॅनिकलच घेऊ दे रे, आडवा येऊ नको. वहिनींना नमस्कार, त्यांच्या लोणच्याची बरणी अजून आमच्याकडंच आहे.

आणि आता काम. दिग्याला फोन कर. साखरप्यात रात्री-अपरात्री उकळलेली गाडी जाणार कुठं, तर त्याच्याच गॅरेजला. माझं त्याचं त्या कार्बोरेटरच्या वेळेपासून बोलणं नाही, चार वर्षं झाली, तुला माहितीय मी काय बोललो होतो ते. तो माझा फोन उचलणार नाही, तुझा उचलेल. एवढंच विचार, की शनिवारी रात्री किंवा रविवारी पांढरी ओम्नी आली होती का, एमएच 08, हेड गेलेली किंवा होज फुटलेला, नवराबायको आणि एक लहान पोर. आली असेल तर बिल किती झालं तेही विचार, माझं नाव न घेता. आणि आली नसेल तरी मला सांग, लपवू नको. आजच कर.

तुझा,
बंड्या